एकच फेलोशिप, पण ती हातात हवी : ३० सप्टेंबरपर्यंतची मुदत

राज्यातल्या विद्यापीठांचे कुलगुरू, कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी, संशोधन केंद्रांचे प्रमुख आणि फेलोशिप वाटणाऱ्या संस्थांचे अधिकारी यांना उद्देशून हे जाहीरपणे लिहितो आहे. निवेदने देऊन झाली. आवक शिक्का मारलेल्या त्यांच्या प्रती फायलीत जपून ठेवल्या आहेत. उत्तर एकाही निवेदनाला आले नाही. म्हणून आता मुदत देत आहोत. बाहेरची फेलोशिप मिळालेल्या संशोधक विद्यार्थ्याचे विद्यापीठाकडचे अर्थसाहाय्य केव्हा थांबेल, कसे थांबेल आणि आधी दिलेल्या पैशाचा हिशेब कशातून पुरा होईल, याचा लेखी नियम प्रत्येक विद्यापीठाने येत्या ३० सप्टेंबरपर्यंत परिपत्रक काढून जाहीर करावा. तसे झाले नाही तर १ ऑक्टोबरपासून आम्ही काय करणार तेही पुढे सांगितले आहे. त्यातला एकही शब्द दाखवण्यापुरता लिहिलेला नाही.

आम्ही म्हणजे पीएच.डी.चे काही मार्गदर्शक आणि त्यांच्याबरोबर काम करणारे संशोधक विद्यार्थी. आमची संघटना नाही, झेंडा नाही. फेलोशिपची फाईल ज्यांच्या सह्यांनी पुढे सरकते आणि ज्यांच्या नावाने ती अडते, ते आम्ही.

आधी नियम नीट सांगतो, कारण तो अर्धाच सांगून विद्यार्थ्यांना घाबरवायची पद्धत पडली आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळवलेल्या विद्यार्थ्याला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. दोन वर्षांनी तीन सदस्यांच्या समितीने काम पाहून शिफारस केली की तो एसआरएफ होतो आणि रक्कम ४२,००० होते. त्यावर घरभाडे भत्ता आणि वर्षाची कंटिंजन्सी : मानव्यविद्या व समाजशास्त्रांना पहिली दोन वर्षे १०,००० आणि पुढे २०,५०० रुपये, विज्ञान शाखांना १२,००० आणि पुढे २५,०००. एकूण मुदत पाच वर्षे. या पैशाबरोबर अट येते की एवढ्या काळात दुसऱ्या कुठूनही पगार, मानधन, विद्यावेतन किंवा दुसरी फेलोशिप घ्यायची नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपांनाही अशीच अट आहे, आणि तिचे हमीपत्र विद्यार्थ्याकडून आधीच लिहून घेतले जाते.

ही अट मला पूर्ण मान्य आहे. पैसा लोकांचा आहे, जागा मोजक्या आहेत, आणि एकाने दोन घेतल्या की कुणाची तरी एक जाते. अट काढून टाका असे आम्ही कुणीही म्हणत नाही. आमचे म्हणणे त्या अटीच्या अंमलबजावणीबद्दल आहे. दोन ठिकाणचे पैसे एकाच वेळी घ्यायचे नाहीत, हे नियम सांगतो. पण विद्यापीठाचा पैसा थांबणे आणि बाहेरचा सुरू होणे, या दोन गोष्टींमध्ये किती अंतर चालेल, याबद्दल तो गप्प आहे. या गप्प बसण्यात आमची मुले सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष उपाशी राहतात.

घडते ते असे. विद्यापीठ स्वतःच्या निधीतून एखाद्या संशोधकाला दरमहा काही हजार रुपये देत असते. बाहेरच्या फेलोशिपची यादी लागते, त्यात त्याचे नाव येते. विभागात पेढे वाटले जातात. दुसऱ्याच महिन्यात लेखा विभाग विद्यापीठाचे साहाय्य थांबवतो, कारण यादी संकेतस्थळावर सगळ्यांना दिसते. पण यादी म्हणजे पैसा नव्हे. यादीनंतर अवॉर्ड लेटर यायचे असते. मग जॉइनिंग रिपोर्ट. त्यावर गाईडची सही, विभागप्रमुखाची सही, संशोधन केंद्राचा शिक्का. तो कागद विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात जातो. तिथून बँकेच्या पोर्टलवर एक कर्मचारी माहिती भरतो, दुसरा ती तपासून मंजूर करतो; कार्यालयाच्या भाषेत मेकर आणि चेकर. नाव आधारवर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरे असेल, लग्नानंतर आडनाव बदललेले असेल, बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसेल, तर फाईल परत. हे सगळे पार पडले तरी दर महिन्याला विद्यार्थी हजर आहे, काम करतो आहे, असे विद्यापीठाने पोर्टलवर कन्फर्म करावे लागते. चेकर परीक्षेच्या कामाला लावला गेला, बदलून गेला, रजेवर गेला की त्या महिन्याची फेलोशिप लटकते. एका माणसाचा पासवर्ड दुसऱ्याकडे सोपवला गेला नाही, एवढ्या कारणाने अख्ख्या विभागाचे पैसे अडलेले मी पाहिले आहेत.

समजा, विद्यापीठ दरमहा ८,००० रुपये देत होते आणि यादी लागल्यापासून बाहेरचा पहिला पैसा यायला ११ महिने गेले. त्या मुलाचे ८८,००० रुपये विद्यापीठाने वाचवले, बाहेरचे चार लाखांहून अधिक रुपये कागदावर साचले, आणि त्याच्या हातात त्या ११ महिन्यांत काहीही पडले नाही. त्याची मेस, खोलीचे भाडे, क्षेत्रभेटीचा एसटीचा खर्च, झेरॉक्स आणि छपाई मात्र हप्त्याची वाट पाहत थांबली नव्हती. घरून पैसे येणारा हा काळ काढतो. ज्याच्या घरी तोच पहिला शिकलेला आहे आणि ज्याच्याकडूनच घराला अपेक्षा आहे, तो उसने घेतो, खासगी क्लासमध्ये रात्री शिकवतो, नाहीतर गावी परत जातो. गावी गेला की त्याचा प्रगती अहवाल लांबतो, अहवाल लांबला की फेलोशिप पुन्हा अडते. ही साखळी कुणी दुष्टपणाने बनवलेली नाही. ती तुटावी म्हणून मात्र कुणी बोटही हलवलेले नाही, आणि म्हणूनच आमचा राग आहे.

याहून वाईट भाग पुढचा. फेलोशिप पुष्कळदा मागच्या तारखेपासून मंजूर होते. म्हणजे कागदावर ती सुरू झाली त्या दिवसापासून विद्यापीठाने दिलेले पैसे हे 'दुहेरी लाभ' ठरतात आणि वसुलीचे पत्र निघते. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पैसे परत गेलेच पाहिजेत. पण पत्र निघते केव्हा? थकबाकी खात्यात जमा होण्याच्या आधी. ज्याच्या हातात बाहेरचा रुपया अजून आलेला नाही, त्याला आतले घेतलेले पैसे भरा, नाहीतर पुढच्या सत्राची नोंदणी होणार नाही, असे सांगितले जाते. एका विद्यापीठातल्या विद्यार्थिनीने हे पैसे भरायला आईचे मंगळसूत्र गहाण ठेवले. तिची थकबाकी त्यानंतर पाच महिन्यांनी आली. त्या कार्यालयात कुणी खोटे वागले असे मी म्हणत नाही. तिथल्या कारकुनाने मला शांतपणे सांगितले, "सर, आम्हाला आधी वसूल करा असेही कुणी सांगितलेले नाही आणि थांबा असेही नाही." नियम नसला की असेच होते.

राज्याच्या योजनांमध्ये हा खड्डा आणखी खोल आहे. तिथे वाद थेट तारखेचा आहे : फेलोशिप पीएच.डी.च्या नोंदणीच्या दिवसापासून मोजायची की निवडीच्या? विद्यार्थी नोंदणी करतो, काम सुरू करतो, आणि फेलोशिपची जाहिरात, छाननी, परीक्षा, यादी यांत एक-दोन वर्षे सहज जातात. नोंदणी दिनांकापासून फेलोशिप द्या, या मागणीसाठी संशोधक विद्यार्थी पुण्यात आणि मुंबईच्या आझाद मैदानात बसले. डिसेंबर २०२३ मध्ये बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या फेलोशिपसाठी परीक्षा झाली. २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिल्याचा आक्षेप विद्यार्थ्यांनी घेतला, आणि १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा ठेवावी लागली. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी विषय मान्य करून घेतले, ज्यांचे अर्धे क्षेत्रकार्य झाले, ते पुन्हा एकदा पर्याय निवडायच्या प्रश्नपत्रिकेसमोर बसले. २०२४ मध्ये बार्टीच्या विद्यार्थ्यांना फेलोशिप अर्धीच देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. पीएच.डी.ची मुदत यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. त्यातली दोन वर्षे आंदोलनात आणि कार्यालयांच्या पायऱ्यांवर गेली, तर प्रबंध कोणत्या वेळात लिहायचा?

एकाच वसतिगृहाच्या एका मजल्यावर आज किती दर आहेत, तेही लक्षात घ्या. पंतप्रधान संशोधन फेलोशिप असलेल्याला पहिल्या दोन वर्षांत ७०,००० रुपये. जेआरएफवाल्याला ३७,०००. आयसीएसएसआरची डॉक्टरल फेलोशिप घेणाऱ्याला २०,०००. केंद्रीय विद्यापीठातल्या नॉन-नेट, म्हणजे नेटशिवायची फेलोशिप घेणाऱ्या विद्यार्थ्याला ८,०००. ज्याला काहीच नाही त्याला शून्य. ऑक्टोबर २०१५ मध्ये यूजीसीने नॉन-नेट फेलोशिप बंद करायचे ठरवले तेव्हा विद्यार्थ्यांनी दिल्लीत यूजीसीच्या दारात ठाण मांडून ती वाचवली. ८,००० चा आकडा मात्र तेव्हाचाच राहिला. मधल्या काळात जेआरएफ २५,००० वरून ३१,००० वर आणि मग ३७,००० वर गेली. ही वाढ योग्यच होती. पण विद्यापीठाच्या पैशाला तीच महागाई लागत नाही असे कोण म्हणू शकेल?

ओव्हरलॅप, म्हणजे एकाच विद्यार्थ्याला दोन योजनांचा लाभ मिळू शकतो, हे कारण पुढे करून योजनाच बंद करण्यापर्यंत मजल गेलेली आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत बंद झाल्याचे सांगण्यात आले, ते याच कारणाने. ज्या देशात फेलोशिपसाठी खाते आधारशी जोडावेच लागते आणि सरकारी पैसा थेट खात्यात जातो, तिथे एकाच माणसाला दोन ठिकाणचे पैसे जातात की नाही हे एका तपासणीत कळते. त्यासाठी दार बंद करावे लागत नाही. हा धोक्याचा इशारा मी विद्यापीठांनाही देतो आहे : आतले-बाहेरचे पैसे जुळवण्याची व्यवस्था तुम्ही नीट लावली नाही, तर 'दुहेरी लाभ होतो' हेच कारण सांगून उद्या तुमचा स्वतःचा संशोधन निधीही कापला जाईल, आणि तेव्हा तुमच्या बाजूने बोलायला विद्यार्थी उरलेले नसतील.

हे जमत नाही, असे मला कुणी सांगू नये. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदव्युत्तर संशोधन फेलोशिप तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते. वर्षाला ३७,००० डॉलर, तीन वर्षांसाठी, पाच वर्षांच्या काळात वापरता येणारी. शिवाय विद्यापीठाला शिक्षणखर्चापोटी १६,००० डॉलर वेगळे. तिथल्या अनेक विद्यापीठांचा नियम लेखी आहे : बाहेरचा पैसा आधी वापरायचा, तो विद्यापीठाच्या ठरलेल्या विद्यावेतनापेक्षा कमी पडला तर फरक विद्यापीठ भरते, आणि बाहेरची वर्षे संपली की विद्यापीठाचे राखून ठेवलेले वर्ष सुरू होते. विद्यार्थ्याला हे प्रवेशाच्या वेळीच माहीत असते. तिथेही भांडणे आहेत, युनियनच्या वाटाघाटी आहेत. पण कोणता पैसा कधी थांबेल हे त्या मुलाला कारकुनाच्या मर्जीवर विचारावे लागत नाही. आपल्याकडे पैसा कमी आहे, हे मान्य. एका पानाचा नियम लिहायला मात्र पैसा लागत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये काम अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून केलेली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज असे तीन ठिकाणचे पैसे एकत्र करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. डी.एस्सी. मिळायला १९२३ उजाडले. एका शिष्यवृत्तीचा शेवट आणि दुसऱ्या पैशाची सुरुवात यांत पडलेल्या फटीची किंमत त्या माणसाने तीन वर्षांत मोजली. त्यांच्या नावाने फेलोशिप वाटणाऱ्या राज्यात शंभर वर्षांनंतरही ती फट तशीच ठेवायची?

आणि ज्यांना वाटते की एवढ्या-तेवढ्या उशिराने काय बिघडते, त्यांना हैदराबादची आठवण करून देतो. केंद्रीय विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा, १ लाख ७५ हजार रुपयांचा उल्लेख आहे. ते पैसे घरच्यांना मिळावेत अशी विनंती आहे. त्याच्या मृत्यूमागे फक्त फेलोशिप होती असे मी म्हणत नाही, त्यामागे फार मोठा अन्याय होता. पण निलंबित, वसतिगृहाबाहेर काढलेल्या मुलाच्या हातात सात महिने पैसाही नव्हता, हे त्या अन्यायाचे एक अंग होते. ते पत्र सार्वजनिक झाल्यानंतरही ज्यांच्या टेबलावर तीन-तीन महिन्यांची कन्फर्मेशन पडून राहतात, त्यांनी आपण काय करतो आहोत याचा विचार केला पाहिजे.

आता विद्यार्थ्यांना. तुमच्या बाजूने लिहितो आहे म्हणून तुम्हाला सोडणार नाही.

फेलोशिप घेत असताना तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवणे, आणि ते मानधन भावाच्या किंवा बायकोच्या नावाने काढणे, ही गोष्ट आपल्याकडे सर्रास चालते हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. बाहेरची फेलोशिप मंजूर झाली तरी विद्यापीठाला न कळवता आतलेही पैसे चालू ठेवणे, हेही चालते. एका संस्थेची यादी लागली की दुसऱ्या संस्थेच्या यादीतूनही नाव काढायचे नाही, म्हणजे 'जे आधी येईल ते' घेऊ, हेही चालते. यातला पहिला आणि दुसरा प्रकार सरळ लबाडी आहे. तुमचे हमीपत्र स्टॅम्प पेपरवर आहे, सही तुमची आहे. लेखापरीक्षणात हे उघड होते, आज नाही तर पाच वर्षांनी, आणि तेव्हा वसुली होते, फेलोशिप रद्द होते आणि पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीतही ते उभे राहते. तिसऱ्या प्रकाराने तुम्ही कुणाचे नुकसान करता ते पाहा. तुमच्या खालच्या क्रमांकावर थांबलेली मुलगी तुमच्या न सोडलेल्या जागेमुळे वर्षभर यादीबाहेर राहते. व्यवस्था अन्याय करते म्हणून आपणही थोडे लबाड झालो तर चालते, हे मला मान्य नाही. ज्या दिवशी विधिमंडळात 'पीएच.डी. करून काय दिवे लावणार' असे विचारले गेले, त्या दिवशी आपण सगळे दुखावलो होतो. त्या प्रश्नाला बळ देणारी प्रकरणे आपल्यातलीच काही मुले तयार करतात.

म्हणून ३० सप्टेंबर ही तारीख तुम्हालाही लागू आहे. ज्याने दोन ठिकाणचे पैसे घेतले असतील त्याने त्याआधी आपल्या विद्यापीठाला स्वतः लेखी कळवावे आणि परतफेडीचे हप्ते मागून घ्यावेत. त्यानंतर माझ्याकडच्या किंवा माझ्याबरोबरच्या मार्गदर्शकांकडच्या कुणाच्या नावे असा दुहेरी लाभ आढळला, तर त्याच्या प्रगती अहवालावर आम्ही सही करणार नाही.

आमच्या मार्गदर्शक बांधवांनाही सांगायचे आहे. फेलोशिपच्या विद्यार्थ्याची सहामाही सही हे तुमचे हत्यार नाही. घरची कामे, मुलांच्या शाळेचे फॉर्म, नॅकच्या फायली, पुस्तकाची मुद्रितशोधने यांच्या बदल्यात सही देणारे गाईड आपल्यात आहेत. ही गोष्ट आपण एकमेकांत बोलतो आणि बाहेर झाकतो. आता झाकणार नाही. विद्यार्थ्याने असा प्रकार लेखी कळवला तर तो आम्ही त्याच्याबरोबर उभे राहून विद्यापीठापुढे नेऊ, मग समोर आमचा मित्र असला तरी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन-साहाय्याचे काम देता येते, ट्युटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन. त्याहून एक तास जास्त मागायचा असेल तर तो लेखी मागा, आणि फेलोशिपच्या अटीत बसत असेल तर त्याचा मोबदला द्या.

आमच्या मागण्या फार नाहीत, आणि सगळ्या एका परिपत्रकात बसतात. बाहेरच्या फेलोशिपचा पहिला हप्ता विद्यार्थ्याच्या खात्यात प्रत्यक्ष जमा होईपर्यंत विद्यापीठाचे साहाय्य चालू राहील. यादी, अवॉर्ड लेटर, पोर्टलवरची नोंद यांपैकी कशानेही ते थांबणार नाही. दोन्हीकडचा कालावधी एकमेकांवर चढला तर वसुली थकबाकीतून होईल, थकबाकीच्या आधी नाही, आणि वसुलीच्या नावाखाली नोंदणी, सिनॉप्सिस किंवा प्रबंध सादरीकरण अडवले जाणार नाही. बाहेरची फेलोशिप विद्यापीठाच्या दरापेक्षा कमी असेल आणि देणाऱ्या संस्थेचा नियम आड येत नसेल, तर फरक विद्यापीठ देईल. नियम आड येत असेल तर त्या संस्थेकडे सवलत मागण्याचे पत्र विद्यापीठ लिहील, विद्यार्थी नाही. बाहेरची मुदत संपल्यावर प्रबंध पुरा व्हायला काही महिने लागत असतील, तर विद्यापीठाचे न वापरलेले साहाय्य त्या महिन्यांसाठी खुले राहील. मासिक कन्फर्मेशन दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेच्या आत होईल, त्यासाठी चेकरबरोबर एक पर्यायी चेकर नेमला जाईल, आणि किती कन्फर्मेशन बाकी आहेत हे विद्यापीठाच्या फलकावर लागेल. वसतिगृह आणि मेसचे शुल्क, फेलोशिप अडली असेल त्या काळात, दंडाशिवाय पुढे ढकलले जाईल. हमीपत्र मराठीत असेल, म्हणजे आपण काय लिहून देतो आहोत हे सही करणाऱ्याला कळेल.

फेलोशिप देणाऱ्या संस्थांकडून एक गोष्ट हवी : निवड झाल्यावर विद्यापीठाला पाठवल्या जाणाऱ्या पत्रात पहिल्या हप्त्याची तारीख लिहा. योजना एका महामंडळाकडून दुसऱ्याकडे, यूजीसीकडून मंत्रालयाच्या महामंडळाकडे गेली, पोर्टल बदलले, या कारणांनी विद्यार्थ्याचा महिना बुडता कामा नये. अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप यूजीसीकडून राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त व विकास महामंडळाकडे गेली, तेव्हा विद्यार्थ्यांनी कुणाकडे विचारायचे हेच कित्येक विभागांना ठाऊक नव्हते.

मुदत पाळली गेली नाही तर १ ऑक्टोबरला सकाळी अकरा वाजता ज्या ज्या संशोधक विद्यार्थ्याची फेलोशिप किंवा साहाय्य अडले आहे, तो आपल्या विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे स्वतंत्र लेखी तक्रार देईल. यूजीसीच्या एप्रिल २०२३ च्या नियमांत शिष्यवृत्ती न देणे किंवा उशिरा देणे ही तक्रारीची बाब म्हणून नोंदलेली आहे, आणि समितीला शिफारशींसह अहवाल देण्यासाठी कामकाजाचे १५ दिवस आहेत. कामकाजाच्या सोळाव्या दिवशी तीच तक्रार विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाईल. त्यांना ३० दिवस आहेत. त्याच दिवशी माहिती अधिकार कायदा, २००५ खाली प्रत्येक विद्यापीठाला सारखेच प्रश्न जातील : किती जणांचे साहाय्य यादीच्या आधारे थांबवले, किती जणांचा पहिला हप्ता किती दिवसांनी आला, किती कन्फर्मेशन कोणत्या टेबलावर किती दिवस थांबले, किती वसुलीपत्रे थकबाकीच्या आधी निघाली. आलेली उत्तरे विद्यापीठाच्या नावानिशी दर महिन्याला छापली जातील. विद्यार्थ्याचे नाव कुठेही येणार नाही. १ ऑक्टोबरपासूनच संशोधक विद्यार्थी आठवड्याला सहा तासांपलीकडे कोणतेही काम करणार नाहीत. अंतर्गत मूल्यमापन, पर्यवेक्षण, प्रयोगशाळा, फायली यांतले किती काम या मुलांच्या फुकटच्या तासांवर चालते, ते पहिल्याच आठवड्यात कळेल. आणि लोकपालांची मुदत संपल्यावर आम्ही उच्च न्यायालयात जाऊ. याचिकेचा मसुदा तयार आहे, वकील ठरले आहेत, खर्चाची वर्गणी मार्गदर्शकांनी भरली आहे.

यातले काहीच करण्याची वेळ येऊ नये, ही इच्छा खरी आहे. आम्हाला प्रबंध वाचायचे आहेत, तक्रारी नाहीत. परिपत्रक निघाले तर त्याच दिवशी तक्रारी मागे घेऊ, आणि पोर्टलच्या कामात हवे तेवढे मनुष्यबळ स्वखुशीने देऊ. आमच्यातल्या कितीतरी विद्यार्थ्यांना ते पोर्टल कार्यालयापेक्षा चांगले येते.

कुलसचिवांनी आपापल्या लेखा विभागाकडून आजच दोन आकडे मागवावेत : विद्यापीठाचे साहाय्य थांबलेले पण बाहेरचा पैसा अजून न आलेले विद्यार्थी किती, आणि त्यांच्यातला सगळ्यात जुना किती महिने थांबला आहे. परिपत्रक लिहायला तेवढी माहिती पुरे आहे. ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी कार्यालय बंद होण्याआधी त्याची प्रत विभागाच्या फलकावर लागलेली हवी.